बाभुळगावचा धुरा आणि बाझलचा करार

(बाभुळगाव येथील शरद व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर 'घातक कचरा आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य' असा छापला आहे. हा विषय मुंबई-दिल्लीचा, बाभुळगावात त्याचे काय काम, असे कुणाला वाटले तर ते साहजिक आहे. आपल्याकडे मोठाले रासायनिक कारखाने नाहीत. बंदर तर शेकडो कोस दूर. तरीही दर खरिपात या तालुक्यात घातक कचरा तयार होतो आणि तो कुठे पडलेला असतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. धुऱ्यावर, नाल्याच्या काठाला, विहिरीजवळच्या बाभळीखाली, गोठ्याच्या कोपऱ्यात. यंदाची फवारणी आटोपली. तिच्या रिकाम्या बाटल्या, डबे आणि चकाकत्या पुड्या आत्ता, आपण इथे बसलो असताना, वावरात पडून आहेत. आज मला त्यांच्याविषयीच बोलायचे आहे. मात्र त्यासाठी आधी जरा लांब, युरोपात जाऊन यावे लागेल.

स्वित्झर्लंडमध्ये राईन नदीच्या काठी बाझल नावाचे शहर आहे. औषधे, रंग आणि कीटकनाशके बनवणाऱ्या बड्या कंपन्यांचे ते माहेरघर. १० जुलै १९७६ रोजी इटलीतल्या सेव्हेसो गावाजवळच्या एका कारखान्यातून डायॉक्सिन या अतिविषारी द्रव्याचा ढग बाहेर पडला. कारखान्याची मूळ मालक कंपनी बाझलची होती. पुढे त्या कारखान्याची सफाई झाली आणि विषारी गाळ ४१ पिंपांत भरून १९८२ मध्ये इटलीबाहेर धाडला गेला. वाटेत ही पिंपे बेपत्ता झाली. कुठल्या देशात आहेत, कोणत्या जमिनीत पुरली आहेत, कुणी सांगेना. युरोपभर शोधाशोध झाली. शेवटी १९८३ च्या मे महिन्यात ती सापडली उत्तर फ्रान्समधल्या एका खेड्यात, बंद पडलेल्या खाटीकखान्यात. कुठलाच देश ती घ्यायला तयार होईना. अखेर १९८५ मध्ये ती बाझललाच जाळून नष्ट करण्यात आली.

त्याच बाझलजवळ १ नोव्हेंबर १९८६ च्या पहाटे सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. आत कीटकनाशके होती. आग विझवायला मारलेले पाणी टनावारी विष घेऊन राईनमध्ये उतरले, नदी लाल झाली आणि खाली कित्येक मैलांपर्यंत मासे मेले. राईन पुढे फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स या देशांतून वाहते. वरच्याने विष सांडले आणि खालच्याने ते प्यायचे, हा प्रकार एका रात्रीत सगळ्यांना दिसला. पुढच्याच वर्षी नदीकाठच्या देशांनी मिळून राईनसाठी कृती कार्यक्रम आखला, कारखान्यांवर बंधने घातली, एकमेकांना तातडीने इशारा देण्याची व्यवस्था पक्की केली. सामन मासा त्या नदीत पुन्हा दिसू लागला. देशांनी मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचा मला ठाऊक असलेला हा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे.

युरोपात कायदे कडक झाले तसा कचरा नष्ट करण्याचा खर्च वाढला आणि तो गरीब देशांकडे निघाला. १९८८ मध्ये नायजेरियातल्या कोको या बंदरगावी एका माणसाच्या आवारात इटलीहून आलेली हजारो विषारी पिंपे सापडली. आवार दिल्याबद्दल त्याला महिना शंभर डॉलर भाडे मिळत होते. आत काय आहे याची त्या गावाला कल्पना नव्हती. बोभाटा झाल्यावर इटलीला तो माल उचलून परत न्यावा लागला. या प्रकरणांच्या पाठोपाठ २२ मार्च १९८९ रोजी, त्याच बाझल शहरात, घातक कचऱ्याच्या एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या वाहतुकीबद्दलचा करार झाला. १९९२ मध्ये तो अमलात आला आणि त्याच वर्षी भारत त्यात सामील झाला. आज १९० च्या आसपास पक्ष त्यात आहेत. अमेरिकेने सही केली, पण मंजुरी आजतागायत दिलेली नाही.

कराराचे मुख्य कलम सोपे आहे. ज्या देशाला कचरा पाठवायचा त्याला आधी लेखी कळवा, त्याची लेखी संमती घ्या. संमतीविना माल गेला तर तो परत न्या. आणि त्याच्याही आधीचे कलम असे, की मुळात घातक कचरा कमीत कमी तयार करा, आणि जो होईल तो शक्यतो जिथल्या तिथेच सुरक्षितपणे निकालात काढा. संमतीचे कलम बऱ्यापैकी पाळले जाते, कारण बंदरावर अधिकारी असतात. कपातीचे कलम पाळायला कुणी उभे नसते.

महाराष्ट्रातला अनुभव सांगतो. न्हावा शेवा बंदरात वंगणतेल म्हणून कंटेनर उतरले. आत वापरून टाकलेले, दूषित टाकाऊ तेल होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. घातक कचऱ्याच्या आयातीविरुद्धची मूळ याचिका १९९५ ची, आणि बंदरात अडकून पडलेल्या १३३ कंटेनरांमधले तेल भट्टीत जाळून नष्ट करा, खर्च आयातदारांकडून घ्या, असा आदेश झाला जानेवारी २००५ मध्ये. तोवर ते विष बंदरावरच पडून होते. करार होता, कायदा होता, न्यायालय जागे होते, तरी एवढा वेळ लागला. तेव्हा धुऱ्यावर पडलेल्या बाटलीला, जिची कुठे नोंद नाही, किती काळ लागावा?

भोपाळचे उदाहरण याहून जवळचे आहे. युनियन कार्बाइडचा तो कारखाना कीटकनाशकाचा होता. सेव्हिन नावाने ते विकले जाई आणि कपाशीवरही वापरले जाई. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू सुटला, हजारो माणसे गेली, हे जगाला माहीत आहे. पण कारखान्याच्या आवारात जो विषारी कचरा उरला त्याचे काय झाले, हे कमी लोकांना माहीत आहे. तो तिथेच पडून राहिला. २०१२ मध्ये जीआयझेड या जर्मन संस्थेने सुमारे ३५० टन कचरा विमानाने जर्मनीत नेऊन जाळण्याची तयारी दाखवली. आपल्या केंद्र सरकारने पैशाला मंजुरीही दिली. परंतु जर्मनीत लोकांनी विरोध केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बोलणी फिसकटली. पुढे ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये, दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी, मध्य प्रदेशातल्याच पीथमपूरला हलवला. तिथेही लोक रस्त्यावर उतरले. अखेर न्यायालयाच्या देखरेखीखाली तो त्या वर्षी जाळला गेला. जर्मनीतल्या माणसाला भीती वाटली, पीथमपूरच्या माणसालाही वाटली, आणि दोघांचीही भीती खरी होती. चाळीस वर्षे साठवलेले विष कुणाच्या दारात न्यायचे, या प्रश्नाला चांगले उत्तर नसतेच. ते उत्तर पहिल्या वर्षीच, जिथे माल बनतो त्या फाटकाशी शोधावे लागते.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. २०१७ चा पावसाळा इथल्या कुणाला विसरता येणार नाही. पऱ्हाटी माणसाच्या उंचीला आली होती, फुटवा दाट झाला होता, किडीचा जोर होता. डोक्याच्या वर नळी धरून फवारा मारावा लागत होता आणि तो अंगावरच परत येत होता. सदरा भिजलेला, उकाडा, तोंडावर फार तर एक रुमाल. यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात रोज नवे रुग्ण येऊ लागले. त्या हंगामात जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांवर उपचार करावे लागले, कित्येकांची नजर काही दिवस गेली. सरकारने विशेष तपास पथक नेमले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली.

त्या हंगामात वापरल्या गेलेल्या कीटकनाशकांपैकी एक होते पोलो, त्यातले रसायन डायफेन्थियुरॉन, कंपनी सिंजेंटा. आणि सिंजेंटाचे मुख्यालय आहे बाझलला. ज्या शहराच्या नावाने जगाचा घातक कचऱ्याचा करार ओळखला जातो, तेच शहर. युरोपीय संघाने हे रसायन २००२ मध्येच मान्य यादीतून काढले होते, स्वित्झर्लंडने २००९ मध्ये. तरी स्वित्झर्लंडहून भारतात त्याची निर्यात चालूच होती. एकट्या २०१७ साली ती ७५ टन झाली, हे पब्लिक आय या तिथल्या संस्थेने सरकारी कागदपत्रांवरून बाहेर आणले. सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या ५१ बाधितांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये तक्रार दाखल झाली आणि तिघांच्या वतीने बाझलच्या न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा उभा राहिला. कंपनीने जबाबदारी नाकारली. तक्रारीवरची मध्यस्थी समझोत्याविना संपली. मात्र ऑक्टोबर २०२० मध्ये स्विस सरकारने डायफेन्थियुरॉन, प्रोफेनोफॉस, पॅराक्वाटसह पाच कीटकनाशके आणि तणनाशके यांच्या निर्यातीवर बंदी जाहीर केली आणि ती १ जानेवारी २०२१ पासून लागू झाली.

या घटनेकडे मी फार महत्त्वाची म्हणून पाहतो. यवतमाळच्या वावरातला मजूर, इथल्या विषबाधितांची संघटना, केरळातले कार्यकर्ते, बर्लिनचे वकील आणि स्वित्झर्लंडची संस्था, यांनी मिळून एका श्रीमंत देशाला त्याच्याच दारात जाब विचारला. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे दरवेळी जिनिव्हातल्या सभागृहातले मंत्री असतात असे नाही. असेही असते.

आपण एरवी बाधेची चर्चा करतो ती फवारणीच्या वेळेची. बाटली रिकामी झाली की विषय संपला असे समजतो. ती रिकामी होत नाही. दाट, तेलकट औषध आतल्या बाजूला चिकटून राहते. बुचाच्या आट्यांत राहते. लेबलच्या कोपऱ्यात तिरका चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग लाल असेल तर औषध सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. बाटली पालथी केली तरी तो रंग बदलत नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांत, घातक रसायनांनी माखलेली रिकामी पिंपे आणि डबे यांची गणना घातक कचऱ्यातच केली आहे. नियमांचा रोख कारखान्यांवर आहे. धुऱ्यावरची बाटली कुणाच्याच हिशेबात नाही.

मग आपण तिचे काय करतो? काही जण जाळतात. धूर घराकडे येतो आणि त्या धुरात काय असते याचा विचार सेव्हेसोच्या पिंपांची गोष्ट ऐकल्यावर तुम्हीच करा. काही जण पुरतात. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच म्हटले आहे, की रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, म्हणजे त्यांचा पुन्हा वापर होणार नाही. तेव्हा तो नियम शहाणपणाचा होता. पण आपली जमीन कशी आहे? काळी, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी. पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट खाली जाते. आज तालुक्यात बेंबळा प्रकल्पाचे पाणी आहे, कालवे आहेत, विहिरींची पातळी वर आली आहे. प्लास्टिक कुजत नाही. नांगराला ते पुन्हा वर येते. पन्नास वर्षांपूर्वी थोडे डबे पुरणे वेगळे आणि आज दर हंगामाला पोतीच्या पोती पुरणे वेगळे. तो नियम आता बदलायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सगळ्यांत धोक्याचा आहे तो पुनर्वापर. चांगली बाटली वाया का घालवायची, ही आपल्या घरातली सवय एरवी कौतुकाची. पण औषधाच्या डब्यात रॉकेल, डिझेल, तेल, कधी पाणी ठेवले जाते. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले. त्यानंतर काही दिवसांतच जागतिक अन्न आणि कृषी संघटनेने विकसनशील देशांना आवाहन केले, की असली अतिजहाल कीटकनाशके बाजारातून हटवा, कारण ती सुरक्षित साठवणे आणि त्यांच्या डब्यांची विल्हेवाट लावणे छोट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले नाही. भारत सरकारने मोनोक्रोटोफॉसचे आपल्याकडे विकले जाणारे ३६ टक्क्यांचे औषध वर्षभराची मुदत देऊन बंद करण्याचा आदेश काढला २०२३ मध्ये. दहा वर्षांनी.

कपात आधी, असे जग म्हणते, आणि ते बरोबर आहे. जी बाटली आलीच नाही तिची विल्हेवाट लावावी लागत नाही. जागतिक पातळीवर यासाठी आणखी दोन करार आहेत. रॉटरडॅमचा करार सांगतो, की जहाल रसायन दुसऱ्या देशाला विकण्याआधी त्याची माहिती द्या, संमती घ्या. स्टॉकहोमचा करार वर्षानुवर्षे विघटन न होणाऱ्या, अंगात साठत जाणाऱ्या विषांवर बंदी आणतो. केरळच्या कासरगोडमधल्या काजूबागांवर एंडोसल्फान फवारून पिढी खचली. २०११ च्या एप्रिलमध्ये जिनिव्हात ते स्टॉकहोमच्या यादीत गेले आणि १३ मे २०११ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने देशात त्यावर बंदी घातली. इथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. स्टॉकहोम कराराच्या बैठकांत एंडोसल्फानच्या बाजूने सर्वांत जास्त काळ भांडणारा देश भारत होता. रॉटरडॅमच्या करारात नवे नाव घालायचे तर सर्वांचे एकमत लागते, आणि पॅराक्वाट या तणनाशकाचे नाव तिथे वर्षानुवर्षे अडकून आहे. त्याला विरोध करणाऱ्यांत आपला देशही राहिला आहे. ज्या पॅराक्वाटवर उतारा नाही असे आपले डॉक्टर हताशपणे सांगतात, त्याची केवळ माहिती देऊन-घेऊन व्यापार करा, एवढीही अट आपल्याला जड वाटावी, याचे मला फार दुःख आहे. बाहेरच्यांना जाब विचारायचा तर दिल्लीलाही विचारला पाहिजे.

या सगळ्यात आपल्याला एक जवळचा आधार आहे. नागपूरची नीरी ही संस्था स्टॉकहोम कराराचे आशियातले एक प्रादेशिक केंद्र आहे. इथून सकाळी एसटीने निघालो तर दुपारच्या आत पोहोचू. आपल्या मातीत, आपल्या विहिरींत काय उतरले आहे हे तपासायचे ज्ञान आपल्या शेजारी आहे. ते इथवर यावे अशी मागणी आपण केली पाहिजे.

आणि वावरातली कपात? गुलाबी बोंडअळीने हैराण झालेल्या माणसाला उपदेश करायला मी आलेलो नाही. तरी दोन गोष्टी अनुभवी शेतकरीच सांगतात. फरदड ठेवू नये, डिसेंबरनंतर पऱ्हाटी उपटून वावर मोकळे करावे, म्हणजे अळीचा पुढच्या हंगामाचा मुक्काम मोडतो. कामगंध सापळे लावून पतंग मोजावेत आणि गरज दिसेल तेव्हाच फवारावे. त्याखेरीज दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारण्याची पद्धत सोडावी. कृषी केंद्रातून उधारीवर जे मिळेल ते एकदम उचलण्यापेक्षा लागेल तेवढेच आणावे. अर्धी उरलेली बाटली हा सगळ्यांत वाईट कचरा, कारण ती ना फेकता येते ना ठेवता येते.

आता फवारणीतल्याच आणखी एका घातक कचऱ्याबद्दल, बॅटरीबद्दल, थोडे बोलतो. पाठीवरच्या चार्जिंगच्या पंपात शिसे-आम्लाची बॅटरी असते. दोन-तीन हंगामांत ती बसते आणि दुकानदार ती घेतो, वर दामही देतो. कारण शिशाला भाव आहे. बाटलीला भाव नाही, म्हणून ती धुऱ्यावर पडते. पण भाव असला म्हणजे सगळे ठीक असते असे समजू नका. तीच बॅटरी एखाद्या उघड्या भट्टीत गेली तर आम्ल नाल्यात सांडते, शिशाचा धूर लेकरांच्या रक्तात जातो. परत येणे आणि सुरक्षितपणे वितळणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. २०२२ च्या बॅटरी नियमांनी दोन्हीची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. औषधाच्या बाटलीसाठी इतका नेमका, वावरापर्यंत पोहोचणारा नियम मला हवा आहे.

तो कसा असावा हे शोधायला फार डोके खाजवावे लागणार नाही. ब्राझीलने ते करून दाखवले आहे. तोही कापसाचा देश, सोयाबीनचा देश, आणि फवारणीत आपल्या कितीतरी पुढे. २००० साली त्यांनी कायदा केला आणि प्रत्येकाचे काम वाटून दिले. शेतकऱ्याने डबा फवारणीच्या वेळीच तीनदा धुवायचा, तळाला छेद द्यायचा आणि वर्षाच्या आत परत करायचा. विकणाऱ्याने बिलावरच लिहायचे, की रिकामा डबा कुठे आणून द्यायचा. कंपन्यांनी तो तिथून आपल्या खर्चाने उचलायचा आणि पुनर्चक्रीकरण करायचे, जे धुता येत नाही ते भट्टीत जाळायचे. सरकारने शिकवायचे आणि लक्ष ठेवायचे. कंपन्यांनी यासाठी इन्पेव्ह नावाची संस्था काढली आणि २००२ पासून काम सुरू झाले. आज तिथे बाजारात येणाऱ्या प्लास्टिक डब्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक डबे परत येतात. काहींपासून पुन्हा कीटकनाशकाचेच डबे होतात, काहींपासून विजेच्या तारांसाठी नळ्या. खेळणी किंवा अन्नाची भांडी होत नाहीत. हाच सुरक्षित पुनर्वापर. लहान आणि दूरच्या शेतकऱ्यांसाठी ठरलेल्या दिवशी गाडी गावाजवळ येते. आमच्याकडे शेतकरी अडाणी, तो कशाला डबे परत करील, असे जे अधिकारी म्हणतात त्यांनी ब्राझीलच्या शेतकऱ्याकडे पाहावे. व्यवस्था उभी राहिली आणि त्याने डबे आणून दिले.

तीनदा धुणे म्हणजे काय, ते नेमके सांगतो, कारण त्याला खर्च नाही. बाटली पंपाच्या टाकीत पालथी करून अर्धा मिनिट निथळू द्यायची. मग पाव बाटली स्वच्छ पाणी, बूच घट्ट लावून अर्धा मिनिट हलवायची, आणि ते पाणी टाकीतच ओतायचे. असे तीन वेळा. जे औषध तुम्ही पैसे देऊन घेतले ते शेवटच्या थेंबापर्यंत पिकावर जाते आणि बाटलीत नावाला उरते. नंतर तळाला खिळ्याने भोक पाडायचे. हे काम औषध ओले असतानाच करायचे. वाळल्यावर ते निघत नाही. हातमोजे हवेतच, आणि धुतलेले पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात चुकूनही नको. हे सगळे सालगड्यावर किंवा रोजंदार मजुरावर सोडून देऊ नका, मालकाने स्वतः उभे राहून करून घ्यावे. २०१७ मध्ये जे गेले त्यांतले अनेक जण दुसऱ्याच्या वावरात फवारत होते.

बाटली धुतली, पुढे काय? इथे आपली साखळी तुटते. नगरपंचायत म्हणते हा शेतीचा कचरा. कृषी केंद्र म्हणते आम्ही माल विकतो, परत घेत नाही. कंपनी मुंबईत किंवा बाझलमध्ये. भंगारवाला कधी घेतो कधी नाही, आणि घेतलाच तर त्याचे पुढे काय बनते कुणी सांगू शकत नाही. राज्यात घातक औद्योगिक कचऱ्यासाठी तळोजा, रांजणगाव आणि आपल्या जवळ बुटीबोरीला सामाईक केंद्रे आहेत. पण बाभुळगावच्या शेतकऱ्याने दहा बाटल्या घेऊन बुटीबोरी गाठावी अशी अपेक्षा कुणी करू नये. माल ज्या वाटेने गावात येतो त्याच वाटेने डबा परत गेला पाहिजे. औषधाची गाडी कृषी केंद्रात माल उतरवते आणि रिकामी जाते. ती भरून जावी.

पैसे कोण देणार, हे विचारले जाईल. मी म्हणेन, ज्याने डबा बाजारात आणला त्याने. तामिळनाडूत नीलगिरीच्या डोंगरात दारूच्या बाटल्यांचा खच पडत होता, हत्तींचे पाय फाटत होते. २०२२ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून बाटलीमागे दहा रुपये जास्त घेऊन बाटली परत केल्यावर ते परत देण्याची पद्धत सुरू झाली, आणि बाटल्या परत येऊ लागल्या. दारूच्या बाटलीसाठी जे जमते ते विषाच्या बाटलीसाठी जमणार नाही, असे मी मान्य करणार नाही.

आपल्याकडे सुरुवात बाजार समितीच्या आवारातून करता येईल. आता कापूस विकायला गाड्या येतील. त्याच गाडीत पोतेभर धुतलेल्या, भोक पाडलेल्या बाटल्या आणायच्या. आवारात छप्पर असलेला, कुलूपबंद, सिमेंटचा तळ असलेला एक पिंजरा पुरेसा आहे. तिथून उचल अधिकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यानेच करावी, कागदावर वजन लिहून. उचलीची लेखी हमी मिळाल्याशिवाय मात्र गोळा करायला लागू नका. हौसेने गोळा केलेले आणि विसरलेले विष काय करते, ते भोपाळने दाखवले आहे.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत, आणि बाभुळगावात नगरपंचायतीच्या सभेत, एवढा एक ठराव मांडा. विक्रेत्याने पक्क्या बिलावर डबा परत करण्याचे ठिकाण छापावे, कंपन्यांनी पेरणीपूर्वी आणि वेचणीनंतर असा वर्षातून दोनदा संकलनाचा दिवस तालुक्यात ठेवावा आणि उचलीचा खर्च त्यांनीच करावा. ठरावाची एक प्रत जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांना द्या, एक महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला, आणि एक बाझलला पाठवा. मसुदा मी लिहून आणला आहे. ज्यांना हवा त्यांनी व्याख्यान संपल्यावर माझ्याकडून घेऊन जावा. आणि आज घरी गेल्यावर गोठ्यातल्या बाटल्या बूच लावून एका पोत्यात भरा, पोते लेकरांच्या हाताला लागणार नाही असे ठेवा, आणि त्यातली एकही कुणाला तेलासाठी देऊ नका.